धोंडुबाईला आलेलं दूध

मी अंबूबाई, सुईण. गंगावेशीच्या मागं ज्या गल्ल्या हायत, तितली निम्मी माणसं पयल्यांदा रडली ती माझ्या हातात. आज मिशा पिळत मोटारसायकलीवरनं जाणारे बाप्ये मला बघितलं की मान खाली घालत्यात, कारण म्या त्यास्नी कसल्या अवतारात बघितलंय ते त्यास्नी ठावं हाय. आता बायका दवाखान्यात जात्यात. चांगलं हाय, मला कायबी वाईट वाटत न्हाय. थोडं वाटतंय. पर त्या येळी माझा हात कधी चुकत न्हाय असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगायची, तोंडच तसलं माझं. आन् हात चुकला तो नेमका धोंडुबाईच्या बाबतीत. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चुकला असता तर मी आतापतूर इसरूनबी गेले असते.

धोंडुबाई म्हंजे केरबा गवळ्याची बायको. माझ्या दारासमोरच त्यांचा गोठा, नऊ म्हशी. सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर न्यायच्या आन् गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचा, ही आमच्या कोल्हापूरची रीत. कट्ट्यावर केरबा बसायचा. पर गोठ्यातली खरी मालकीण धोंडुबाई. एखादी म्हस धार देईना, लाथा झाडाय लागली, की दुसरे गवळीबी हिला बोलवाय यायचे. ही जायची, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवायची, कानात कायतरी पुटपुटायची, घटकाभर नुसती बसायची. मग म्हस आपसूक पान्हा सोडायची.

रेडकू मेलं की गवळी काय करत्यात ठावं हाय? त्याच्या कातड्यात पेंढा भरत्यात आन् म्हशीपुढं हुबं करत्यात. म्हस त्याला चाटती, तिला वाटतंय आपलंच हाय, आन् दूध देती. सगळेच करत्यात, त्यात कुणाला कायबी वाटत न्हाय. धोंडुबाई मातूर आपल्या गोठ्यात करू द्यायची न्हाय. केरबा चिडायचा, सासू शिव्या घालायची, पर ही म्हणायची, "तिला फसवायचं न्हाय. मी काढते धार." आन् काढायचीबी.

का ते मला ठावं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला ल्योक झालता, माझ्याच हातानं. अकरा दिस जगला. बाराव्याला नाव ठेवायचं होतं, पाळणा आणलता, घुगऱ्या भिजत घातलत्या. अकराव्याला सकाळी गेला. नावबी न्हाय त्याला. ते अकरा दिस तिनं त्याला छातीशी धरलं तेवढंच तिचं आईपण. मग सतरा वर्षं काय न्हाय. ज्योतिबा झाला, नरसोबाची वाडी झाली, कुठला कुठला पाला वाटून प्याली, म्या दिलेला काढाबी प्याली. तिला एवढंच पायजे होतं बघा, मांडीवर एक पोर आन् त्याला पाजायचं. कधी रडून दावलं न्हाय तिनं. पर कुणाच्या बाळंतपणाला मी निघाले की हातातलं काम टाकून दारात येऊन हुबी राहायची आन् इचारायची, "मावशी, दूध आलं का गं तिला?" पोरगा झाला का पोरगी, ते न्हाय इचारायची.

चौऱ्याहत्तर साली सासूनं नवीन टूम काढली. सासूला सगळी गल्ली आक्का म्हणायची. बाई कामाची, पर जीभ म्हंजे कात्री. बिद्रीकडची कुणीतरी नात्यातली पोरगी तिनं हेरली आन् केरबाच्या मागं लागली, दुसरी कर म्हणून. म्या म्हणलं, "आक्का, सरकारचा कायदा हाय, दोन बायका करता येत न्हाईत." तर म्हणती, "कायदा काय माझा वंश चालवणार हाय व्हय?" केरबा व्हय म्हणना आन् न्हायबी म्हणना, गप राहायचा. पुरुष गप बसला की बाईची झोप जाती. धोंडुबाईची गेलीच. छातीत धडधड, हातपाय गार. केरबानंच मग तिला राजारामपुरीत एका डॉक्टराकडं नेलं. त्यांचं नाव घेत न्हाय मी, माणूस वाईट न्हवता. त्यांनी छाती तपासली, म्हणले काळजीचा आजार हाय, आन् बारक्या गोळ्या दिल्या. रोज झोपताना एक, पंधरा दिस.

पयल्या रात्री ती अशी झोपली की सकाळी म्हशी वरडून वरडून थकल्या. चेहरा खुलला तिचा. पंधरा दिस झाल्यावर डॉक्टराला कशाला तरास द्यायचा, म्हणून तिनं कंपौंडर ज्ञानूला गाठलं. ज्ञानू आमच्याच गल्लीतला, धारोष्ण दूध पिऊन वाढलेला. तो गोळ्या आणून द्यायचा. एकीच्या दोन झाल्या, दोनीच्या तीन, सकाळी एक, दुपारी एक, झोपताना एक. असं सहा-सात महिनं चाललं. मला म्हणायची, "मावशी, तोंडात सारखी तांब्याची चव येती गं." कधी उंबऱ्यात पाय अडखळायचा, कधी बोलताना जीभ जड व्हायची. म्या म्हणलं, असूंदे, झोप तरी लागतीया बयेला.

मग एक दिस दुपारी आली. मी तांदूळ निवडत होते. दार लावून घेतलं तिनं आतनं. कायबी न बोलता चोळीची गाठ सोडली. चोळी ओली होती. म्या हात लावला, दाबून बघितलं. दूध. पाणी न्हवं, चीक न्हवं, पांढरं सफेत दूध.

"आन् शिवंची न्हाय झाली दोन महिनं," ती म्हणली.

आता मला सांगा, तीस वर्षं सुईणपण केलेल्या बाईनं काय म्हणावं? पाळी चुकली, दूध आलं, सकाळी मळमळतंय, सारखी झोप येती. म्या पोटाला हात लावला. मऊ होतं पोट. पर म्या मनाशी म्हणलं, लवकर हाय अजून. खरं सांगते, माझ्या हाताला कायबी लागलं न्हवतं. सतरा वर्षं तिच्या तोंडाकडं बघत आलते मी, माझ्या हातानं तेच सांगितलं जे मला पायजे होतं. "धोंडे," म्या म्हणलं, "पोटुशी हायस तू." ती माझ्या गळ्यात पडून अशी हमसून हमसून रडली की तांदूळ सगळे सांडले, आन् मीबी रडले, मूर्ख म्हातारी.

तिसऱ्या महिन्यात आमच्यात चोरचोळी करत्यात. कुणाला न सांगता, गाजावाजा न करता, घरातली मोठी बाई पोटुशीला हिरवी चोळी घालती आन् ओटी भरती. धोंडुबाईला आई न्हवती, आन् सासूला सांगायला ती अजून भीत होती. म्हणून म्या केली. खण म्या आणला, शिवला म्या. हिरवी चोळी घालून ती माझ्या आरशात बघत बसली. किती येळ बघावं! म्या म्हणलं, "अगं बास की, दिष्ट लागंल." तर म्हणती, "लागूंदे. मला एकदा बघूंदे तरी."

चोरचोळी कसली न् काय, आठ दिसांत आक्काला वास लागला. हिरवी चोळी आन् दुधाचे डाग, म्हातारीला काय कळत न्हवतं व्हय? बिद्रीचं नाव बंद झालं. सगळ्यांत गोड म्हशीचं दूध, जे कट्ट्यावर पाटलाला जायचं, ते आक्का स्वतः तापवून सुनंला द्याय लागली. केरबा गोठ्यात शीळ घालाय लागला, बेसूर. ते घर मी कधी एवढं हसताना बघितलं न्हवतं.

चौथा महिना सरला, पाचवा लागला. पोट वर येईना. दूध मातूर वाढतच होतं. धोंडुबाई म्हणायची, "मावशी, हालत न्हाय अजून." मी म्हणायची, "आळशी हाय, बापावर गेलंय." हसत म्हणायची, पर घरी येऊन माझी मलाच भाकर गिळंना. शेवटी एक दिस म्या म्हणलं, आता लई झालं. केरबाला न सांगता तिला एका लेडी डॉक्टराकडं घेऊन गेले. पिकल्या केसांची, चष्मा लावलेली बाई होती. तिनं आत नेऊन तपासलं, लई येळ तपासलं. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसली आन् धोंडुबाईचा हात हातात घेतला. तिथंच मला कळलं.

"बाई, पिशवीत मूल नाही," ती म्हणली. "कुठलं औषध घेता का तुम्ही?"

धोंडुबाईनं कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून दिली. डॉक्टरीणीनं ती उलटसुलट करून वाचली. म्हणली, "ह्या झोपेच्या, काळजीच्या गोळ्या आहेत. लाखो लोक घेतात, बहुतेकांना फक्त गुंगी येते, तोल जातो. पण कधी कधी, फार क्वचित, शरीर उलटंच काहीतरी करतं. बाळ नसताना दूध येतं, पाळी थांबते. मी ऐकलं होतं, वाचलं होतं, बघितलं आज पहिल्यांदा. तुमचा काही दोष नाही. गोळ्या कमी केल्या की दूध जाईल. पण एकदम बंद करू नका, आठवड्या-आठवड्यानं कमी करा, नाहीतर शरीर बंड करतं."

म्या म्हणलं, "माझा दोष हाय, डॉक्टरीणबाई. म्या सांगितलं हिला."

रंकाळ्याच्या काठाला आल्यावर धोंडुबाई खाली बसली. "म्हंजे मला पेंढा भरलेलं रेडकू दावलं," ती म्हणली. "मी म्हशीला कधी दावू दिलं न्हाय गं मावशी." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग तिनं छातीवर हात ठेवला आन् म्हणली, "पर दूध तर खरं हाय न्हवं? ते तर खोटं न्हाय?" म्या म्हणलं, व्हय पोरी, दूध खरं हाय.

घरी सांगितलं म्याच. आक्का पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच हुबी राहिली. केरबा गोठ्यात गेला, बाहेर आला तवा डोळे लाल होते त्याचे. आईला म्हणला, "बिद्रीचं नाव ह्या घरात परत काढायचं न्हाय." एवढंच. सतरा वर्षांत पयल्यांदा बोलला बाबा, बरं केलंन्.

गोळ्या कमी करायला तिनं सुरुवात केली न्हाय. मला ठावं होतं का ते. गोळी गेली की दूध जाणार, आन् दूध तेवढंच होतं तिच्याजवळ. मी रागवायची, ती ऐकून घ्यायची आन् गोळी गिळायची.

त्याच महिन्यात आमच्या कोपऱ्यावरल्या मीरासाबच्या घरात बाळंतपण झालं. मीरासाबचं सायकलचं दुकान, बायको नजीरा, एकोणीस वर्षांची पोर. आठव्या महिन्यातच पोरगी झाली, माझ्या तळव्यात मावंल एवढीशी. नजीराला ताप आला आन् दूध उतरलंच न्हाय. शेपू दिला, हळीव दिलं, डिंक दिला, कायबी उपाय चालंना. म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं तर पोरगी वकायची. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं चार चार थेंब द्यायचो आम्ही. रडायची ती, तर तिचं रडणंबी समोरच्या घराला ऐकू जायचं न्हाय, एवढी अशक्त.

धोंडुबाईला मातूर ऐकू गेलं. दुसऱ्या दिशी ती मीरासाबच्या दारात. "नजीरा, मी पाजू का तिला?"

नजीरा उठून बसली. "वैनी, पाजा की! अल्ला तुमचं भलं करो." ती पोरगी पुढं करणार एवढ्यात मी आडवी आले. डॉक्टरीणबाईनं मला निघताना बाजूला घेऊन बजावलतं. हे दूध कुणाच्या तान्ह्याला द्यायचं न्हाय. गोळीची गुंगी दुधातनं उतरती, एवढंसं पोर झोपंल आन् चोखायलासुद्धा उठणार न्हाय. गोळी बंद केल्यावरबी आठ-दहा दिस ती दुधात राहती. हे सगळं म्या त्या दोघींपुढं सांगितलं. धोंडुबाईचा चेहरा कसा झाला ते आता सांगत न्हाय.

ती घरी गेली आन् उरलेल्या सगळ्या गोळ्या तिनं म्हशीच्या शेणात टाकल्या. "दहा दिस," ती म्हणली. "दहा दिसांनी दूध निर्मळ व्हईल. मग पाजीन."

"अगं येडे, हळूहळू सोड म्हणलंय, आन् गोळी गेली की दूधबी जाईल!"

"जाईल कसं? मी गवळीण हाय. म्हस रोज पिळली तर दूध मोडत न्हाय, न्हाय पिळली तर मोडतंय. मी मोडू देणार न्हाय."

आन् त्या दहा दिसांत तिनं जे केलं ते म्या जन्मात बघितलं न्हाय. दर दोन-तीन तासांनी पितळेचं फुलपात्र घेऊन आतल्या खोलीत बसायची आन् आपल्या हातानं आपलं दूध काढायची, म्हशीची काढावी तसं, न चुकता. काढायची आन् तुळशीपाशी ओतायची. तिसऱ्या दिसापासनं गोळ्या सुटल्याचा तरास सुरू झाला. झोप पार गेली. हात थडथडायचे, पाणी पिताना भांडं दातावर आपटायचं. अंगावरनं मुंग्या चालल्यागत वाटायचं तिला, झटकून झटकून कातडी लाल केली. कानात सारखी पिपाणी वाजतीया म्हणायची. उजेड सोसायचा न्हाय, खिडकीला पोतं लावलं. म्या म्हणलं, निदान अर्धी गोळी तरी घे. घेतली न्हाय. केरबा तिच्याजवळ बसून राहायचा, कट्ट्यावर म्हशी घेऊन भाऊबंद जायचे. डॉक्टरीणबाईला म्या जाऊन सांगितलं तर ती माझ्यावरच वरडली, सांभाळा तिला, फीट येईल. न्हाय आली, देवाची कृपा.

आन् एवढ्या हालातबी ती रोज एकदा, भिंतीला धरून धरून, नजीराकडं जायची. मी आधी समजले पोरगीला बघाय जाती. पर ती नजीराजवळ बसायची. तिचे केस विंचरायची. गरम फडक्यानं पाठ शेकायची, मग छाती, मग ते थडथडणारे हात घेऊन हळूहळू वरनं खाली चोळायची. पोरगीला उघडी करून आईच्या छातीवर निजवायची. आन् बोलत राहायची, म्हशींच्या गोष्टी, केरबाच्या फजित्या, कायबी. एकदा नजीरा एवढी हसली की मीरासाब दुकानातनं धावत आला. "ही पोर भ्यालीया," धोंडुबाई मला म्हणली. "लेक मरंल म्हणून भ्यालीया. भ्यालेली म्हस पान्हा चोरती. भ्या गेलं की दूध येईल."

नवव्या दिशी नजीराला दूध आलं. पयल्यांदा चार थेंब, संध्याकाळपतूर धार.

मी धोंडुबाईच्या घरी धावत गेले. तिच्या छातीत दूध भरलेलं होतं, तुडुंब, आन् उद्या दहावा दिस. मला राग आला, खरं सांगते, लई राग आला. "का केलंस गं? एक दिस, एकच दिस राहिलता! उद्या ती पोरगी तुझ्या मांडीवर असती!"

तिनं डोळ्यांवरचं फडकं काढलं. "मावशी, पोरगी रोज रडत होती," ती म्हणली. "दहा दिस भुकंनं कसं थांबायचं तिनं?"

दुसऱ्या दिशी नजीरानं निरोप धाडला. आम्ही दोघी गेलो. नजीरानं पोरगी पुढं केली. तिला सगळं कळलतं, म्याच सांगितलं, माझं तोंड कुठं ऱ्हातंय. "वैनी, घ्या तिला. एकदा तरी पाजा. आमच्यात जिनं दूध पाजलं ती आई ठरती, जन्मभराची. तुमचीबी व्हऊंदे ती."

धोंडुबाईनं पोरगीला मांडीवर घेतलं. चोळी भिजली तिची, आपोआप, पोरगीच्या वासानंच. मी मनात म्हणत होते, घे, घे की आता. पोरगी जागी झाली, तोंड फिरवाय लागली, हुंगाय लागली. धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिली. मग उठली आन् तिला नजीराच्या छातीशी लावली.

"तुझं दूध नवीन हाय," ती नजीराला म्हणली. "तिनं सगळी भूक तुझ्याकडंच भागवली तरच टिकंल. माझ्याकडं आली तर तुझं मोडंल." नजीरा रडाय लागली. धोंडुबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत तितंच बसली, पोरगीचं पोट भरंपतूर.

त्या पोरीचं नाव मेहमुदा. ती दोन वर्षांची झाली तवा मीरासाबनं दुकान मोडलं आन् कापडाच्या मागावर कामाला कबनूरला गेला बिऱ्हाड घेऊन. आता तेरा-चौदाची असंल. परत कधी बघितली न्हाय आम्ही.

धोंडुबाईनं मातूर त्या दिसानंतरबी फुलपात्र सोडलं न्हाय. झोप परत आली, हात थांबले, कानातली पिपाणी गेली. तरी दिसातनं चारदा बसायचीच. म्या म्हणलं, आता कशाला गं? तर म्हणायची, "असूंदे. गल्लीत कुणाला लागलं तर." मी कुठं बाळंतपणाला गेले की परत येताना ती दारात हुबी असायची. मी मान हलवायची, आलं हाय तिचं तिला, लागत न्हाय. देवा, त्या महिन्यात मी चार बाळंतपणं केली आन् चारी बायांना भरभरून दूध आलं. एकीचं तरी आटावं असं माझ्या मनात आलं, एवढं पाप मी आयुष्यात केलं न्हवतं.

मग एक दिस सकाळी ती माझ्या दारात आली. फुलपात्र हातात होतं, कोरडं.

"मावशी," ती म्हणली, "आज न्हाय आलं."